पिकअपमधून मोटारसायकल नेताना : हौद्यात माणूस नको, दोर नीट हवा

गळीत हंगाम संपत आला की आपल्या भागातल्या रस्त्यांवर एक देखावा हमखास दिसतो. टोळ्या परतीला लागलेल्या असतात. पिकअपच्या हौद्यात भांडीकुंडी, गोधड्या, कोयते, एखाददुसरी शेळी, आणि या सगळ्याच्या मधोमध एक मोटारसायकल उभी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरे. एकाने हँडल धरलेले, दुसऱ्याने सीट. दोर असतो, नाही असे नाही. पण तो हँडलला दोन वेढे देऊन फाळक्याच्या कडीला निरगाठ मारून सोडलेला. खरी भिस्त त्या दोन पोरांच्या हातांवर.

हे फक्त टोळ्यांचेच आहे असे कोणी समजू नये. सभासदांच्या घरीही काही निराळे चालत नाही. नाशिक बाजूच्या आपल्या कित्येक घरांतली मुले बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांची गाडी पोचवायची तर पिकअप करतात. चैत्र पौर्णिमेपासून डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तिला जाताना किंवा येताना गाडी बंद पडली की ती पिकअपमध्ये चढते. कोणी तलासरीच्या पुढे वापीकडे जुनी गाडी बघायला जातो आणि घेऊनच येतो. वाट एकच : त्र्यंबक, तोरंगणचा घाट, मोखाडा, जव्हार, कासा, आणि पुढे चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग. म्हणजे आधी घाटाची वळणे आणि मग एकदम सरळ, भरधाव रस्ता. मालाच्या बांधणीची दोन्ही प्रकारची परीक्षा एकाच प्रवासात होते. म्हणून ही माहिती त्या वाटेच्या अनुषंगानेच देत आहोत. गावातल्या गावात गॅरेजपर्यंत गाडी नेतानाही नियम तेच लागू पडतात.

हाताने का धरता येत नाही

थोडा हिशेब करू. आपल्याकडे सर्रास दिसणारी हिरो स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची. पल्सर दीडशे किलोच्या आसपास आणि बुलेट जवळपास दोनशे किलोची. माल बांधण्याचे जे नियम युरोप-अमेरिकेत ठरले आहेत, त्यांत असे धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल आपल्या वजनाच्या आठ दशांश इतक्या जोराने पुढे रेटतो, आणि वळणावर निम्म्या वजनाइतक्या जोराने बाजूला. म्हणजे स्प्लेंडर ब्रेकच्या वेळी ९० किलोने पुढे जाणार आणि वळणावर ५६ किलोने आडवी होऊ पाहणार. आपल्या कारखान्याचे साखरेचे पोते ५० किलोचे असते. हलत्या हौद्यात, पत्र्यावर उभे राहून, कोणी आपल्या अंगावर अचानक पोत्याहून जड वजन ढकलले तर ते थोपवता येईल का, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. आणि हे नुसत्या ब्रेकचे आणि वळणाचे झाले, धडकेचे नव्हे.

धडकेचा हिशेब वेगळाच असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एखाद्या अडथळ्यावर आदळून थांबले, तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी दगावले, हे सर्वांना आठवत असेल. दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. ती मोटार महागातली, सगळ्या सोयींची होती. आपल्या पिकअपच्या हौद्यात तर आसनही नाही आणि पट्टाही नाही, शिवाय शेजारी सव्वाशे किलोचे लोखंड उभे. ते पोरावर पडले तर काय होईल ते निराळे सांगायला नको.

कायद्याची बाजूही सभासदांनी ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मालवाहू गाडीतून मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस जात असेल तर त्याला विम्याचे संरक्षण मिळते. पण फुकट बसवून घेतलेल्या इतर माणसांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला आहे. म्हणजे ‘गाडी धरायला’ म्हणून शेजारचा पोरगा हौद्यात बसवला आणि काही वाईट घडले, तर भरपाईचा बोजा पिकअपच्या मालकावर येऊ शकतो. तो मालक पुष्कळदा आपलाच भाऊबंद असतो. गाडीच्या मालकाने बरोबर जायचे असेल तर केबिनमध्ये बसावे. हौद्यात कोणी नको.

आता हौद्यात माणूस नको म्हटले की गाडी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. ती कशी, ते पाहू.

उसाची गाडी आणि ही गाडी

आपण सगळे माल बांधण्यात मुरलेले लोक. उसाची ट्रॉली भरून, साखळदंड टाकून, खाचखळग्यांतून काट्यावर आणणाऱ्याला दोर बांधायला कोणी शिकवावे, असे वाटणे साहजिक आहे. पण नेमकी इथेच गफलत होते. मोळ्या एकमेकींवर आडव्या बसतात, आवळल्या की दबतात आणि दबल्या की तशाच राहतात. मोटारसायकल दोन चाकांवर उभी असते, आणि मुख्य म्हणजे तिच्या पोटात स्प्रिंगा असतात.

दोर कितीही ओढून बांधला, तरी पिकअप खड्ड्यात आदळली की मोटारसायकलचे शॉकअप दबतात. गाडी दोन-तीन इंच खाली जाते. त्या क्षणी दोर ढिला पडतो. ढिल्या दोराचा हुक कडीतून निसटतो, नाहीतर गाडी त्या अर्ध्या सेकंदात एका अंगाला कलते, आणि शॉकअप परत वर आले की दोर कललेल्या स्थितीतच ताठ होतो. पुढच्या खड्ड्याला आणखी थोडी कलते. जव्हारपर्यंत येताना पाच-पन्नास खड्डे तरी लागतातच. मग मागे पाहावे तर गाडी आडवी, पेट्रोल सांडलेले, आणि बांधणारा म्हणतो, ‘मी तर घट्ट बांधली होती.’ बांधली होती हे खरेच. पण शॉकअप मोकळे असताना बांधली होती.

यावरचा उपाय सोपा आहे. पुढचे शॉकअप आधीच दाबून घ्यावेत आणि त्या दाबलेल्या स्थितीत दोर आवळावा. एका माणसाने गाडीवर बसून, छातीचा भार देऊन हँडल खाली दाबावे, आणि दोन्ही बाजूंच्या दोघांनी त्याच वेळी दोर ओढून घ्यावेत. शॉकअप जितके दबू शकतात त्याच्या साधारण निम्मे दाबले की पुरे. आता खड्डा आला तरी स्प्रिंग सतत वर रेटत असते, म्हणून दोर ताठच राहतो. दोर आणि स्प्रिंग एकमेकांना ओढून धरतात, आणि बांधणीचे सगळे मर्म यात आहे. मात्र अगदी टेकेपर्यंत दाबू नये. तसे केले तर तेलाच्या सीलवर ताण येतो, आणि खड्ड्याचा सगळा मार सरळ सांगाड्याला बसतो. रात्रभर गाडी पिकअपमध्येच राहणार असेल तर पुढचे दोर थोडे सैल करून ठेवावेत, सकाळी पुन्हा आवळावेत.

दोर कुठे बांधावा

हँडलच्या मुठीला बांधू नये. मूठ रबराची, दोर सरकतो आणि हँडल वाकते. आरसा, इंडिकेटर, सायलेन्सर यांना तर हात लावू नये. हँडलच्या खाली, दिव्याच्या मागे, दोन्ही शॉकअपना एकत्र धरणारी भक्कम लोखंडी पकड असते. मेकॅनिक लोक तिला ‘टी’ म्हणतात. वरची आणि खालची अशा त्या दोन असतात. खालची सर्वांत चांगली. तिच्यातून दोर ओवताना ब्रेकची नळी, क्लचची केबल आणि दिव्याच्या तारा दोरात सापडत नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहावे. रंग खरवडू नये म्हणून बाजेच्या नायलॉन नवारीचा दुहेरी फास त्या पकडीत घालावा आणि हुक त्या फासात अडकवावा. नवार नवी असावी. गोठ्यात पडून उन्हाने पांढरी पडलेली नको.

पुढचे दोन दोर ‘टी’पासून खाली, बाहेर आणि थोडे पुढे जावेत, पुढून पाहिले तर मंडपाच्या तणाव्यासारखे दिसावेत. सरळ खाली ओढलेला दोर बाजूचा झोक धरत नाही, आणि सरळ आडवा ओढलेला दोर गाडी दाबून धरत नाही. दोन्हींच्या मधला कोन हवा.

पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवावे. मध्ये जुना टायर किंवा घडी केलेले पोते ठेवले तर पत्रा आणि चाक दोन्ही वाचतात. चाक डावी-उजवीकडे वळू नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना वाळूची पोती किंवा लाकडी ठोकळे पक्के बसवावेत. हँडल सरळ ठेवावे. हँडल लॉक केले की चाक तिरके होते आणि एका बाजूचा दोर आपोआप सैल पडतो. लॉक नको, किल्ली खिशात.

मागचे दोन दोर पुष्कळ जण बांधतच नाहीत. ‘पुढून बसली की झाले’ असे म्हणतात. पण ब्रेक लागला की पुढचे चाक भिंतीला अडते आणि मागचे चाक उचलू पाहते. तेव्हा कामाला येतात ते मागचेच दोर. खराब रस्त्यावर मागचे चाक हौद्यात टणाटण उडत बाजूला सरकते, तेही हेच थोपवतात. मागे बसणाऱ्याच्या पायदानाचा जाड कंस जिथे सांगाड्याला बोल्टने बसवलेला असतो, तिथे किंवा सांगाड्याच्या मागच्या नळीला दोर घालून खाली, बाहेर आणि मागे न्यावा. साडीगार्डला बांधू नये. ते साडी अडवण्यासाठी असते, सव्वाशे किलो धरण्यासाठी नाही. मागचे दोर पुढच्याइतके करकचून आवळायची गरज नाही, ताठ असले की पुरे.

स्टँडविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. गाडी डबल स्टँडवर लावून बांधली की पक्की, असे समजतात. प्रत्यक्षात एका धक्क्यासरशी ती स्टँडवरून पुढे उतरते आणि चारही दोर एकदम सैल पडतात. साइड स्टँडवर ठेवली तर आवळलेल्या दोराचा सगळा भार त्या एका पायावर येऊन पाय वाकतो, सांगाड्याचा जोडही फाटतो. दोन्ही स्टँड वर. गाडी दोन चाकांवर आणि चार दोरांवर उभी. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला.

स्कूटरला ‘टी’ सहज हाती लागत नाही. तिच्या पुढच्या पत्र्याला बांधू नये, फुटतो. पाय ठेवण्याच्या पाट्याखालून सांगाड्याची नळी जाते, तिच्यातून दोर घ्यावा, मागे सीटच्या कड्याच्या बुडाशी, आणि पुढचे चाक पोत्यांनी जास्त पक्के करावे.

दोर कोणता

दुकानात रॅचेटचे पट्टे मिळतात. खटक्याची मूठ हलवली की पट्टा आवळत जातो. परवडत असेल तर चार घ्यावेत. एकदा घेतले की शेतीच्या इतर कामालाही येतात. पट्ट्यावर तो किती भार पेलतो ते छापलेले असते, ते वाचून घ्यावे. फक्त रॅचेटने माणसाच्या अंदाजापेक्षा फार जास्त आवळले जाते, तेव्हा नजर शॉकअपवर असू द्यावी. उरलेले शेपूट गुंडाळून बांधावे. वाऱ्यावर फडफडणारा पट्टा चाकात गेलेला कोणाला नको असतो.

पट्टे नसतील तर चांगला दोर चालतो. नायलॉनचा दोर मजबूत असतो पण ताणला जातो, आणि भिजला की आणखी. सुती किंवा काथ्याचा दोर भिजल्यावर आखडतो आणि वाळल्यावर सैल होतो. जून ते सप्टेंबर डहाणू-तलासरीकडे पाऊस कसा असतो ते तिकडे गेलेल्यांना माहीत आहे. त्या दिवसांत दोर कोणताही असो, दोनदा जास्त थांबून पाहावा. बांधताना निरगाठ मारू नये. दोरात मध्येच एक फास करावा, टोक पिकअपच्या हुकातून खाली घालून वर आणावे, फासातून ओवून पुन्हा खाली ओढावे आणि शेवटी सुरगाठ द्यावी. मोळ्या लादणारे गडी हे रोज करतात. याने हाताच्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो आणि सोडताना कोयता लागत नाही.

दोर पिकअपच्या पक्क्या हुकांना जावा. वरून घातलेल्या अँगलला किंवा काढता येणाऱ्या पाइपाला नको. फाळक्याच्या धारेवरून दोर जात असेल तर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, नाहीतर धार तो हळूहळू कापत नेते.

चढवणे, उतरवणे

गाडी चढवताना जितक्या कंबरा आणि बोटे दुखावतात तितक्या रस्त्यावर दुखावत नसतील. पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट. त्याला आठ फुटांची जाड फळी हवी, चार फुटांची नको. फळीचे वरचे टोक हौद्याला दोराने बांधावे. मागचे चाक फळीवर चढताना ती मागे सटकते आणि गाडी माणसासकट खाली येते. त्याहून बरी युक्ती आपल्या घरचीच : पिकअप चरात किंवा सखल जागी मागे घ्यावी आणि बांधावरून गाडी हौद्यात ढकलावी. निम्मी उंची तशीच कमी होते. तिघे असावेत. गाडीवर बसून, इंजिनाच्या जोरावर फळी चढण्याची मर्दुमकी कोणी करू नये.

हौदा आधी झाडून घ्यावा. आपल्या पिकअपमध्ये पाचट, वाढे, माती असतेच, आणि पत्र्यावर पाचट म्हणजे तेल ओतल्यासारखेच. दोन्ही चाकांखाली पोते किंवा रबरी चटई टाकावी.

छोट्या हत्तीचा हौदा सुमारे २२०० मिलिमीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आत. स्प्लेंडरची लांबी २००० मिलिमीटर. बसते, पण मागे वीतभरच जागा उरते. बुलेट जेमतेम. मागचा फाळका उघडा टाकून त्यावर चाक ठेवण्याचा प्रकार करू नये, फाळक्याच्या बिजागऱ्या त्यासाठी नसतात, शिवाय नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात. मोठ्या पिकअपमध्ये दोन गाड्या बसतात. तेव्हा एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे करावे, म्हणजे हँडले अडकत नाहीत. प्रत्येकीला आपापले चार दोर. दोन्ही मिळून एकच दोर फिरवला तर एक कलली की दुसरीलाही घेऊन पडते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करावा. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कॉक नसतो, त्यांची टाकी काठोकाठ भरलेली नसावी एवढे पाहावे. ताडपत्री किंवा कव्हर घालू नये, वाऱ्याने फुगून गाडी हलवते.

निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर एकदा थांबावेच. पहिल्या काही धक्क्यांत चाके जागा धरतात, पोती दबतात, गाठी बसतात, आणि दोर हमखास थोडा सैल होतो. नंतर तोरंगणचा घाट उतरल्यावर एकदा, आणि चारोटीला महामार्गावर चढण्यापूर्वी एकदा. चहाला आपण थांबतोच. चहाच्या आधी दोर पाहावा. प्रत्येक दोर हाताने दाबून बघायचा, नुसते लांबून पाहून चालत नाही. उलट परतीच्या वाटेवर घाट चढताना गाडीचा भार मागे येतो आणि पुढच्या दोन दोरांवर पडतो, तेव्हा चढ लागण्यापूर्वी तेच पुन्हा आवळावेत.

मुक्कामी पोचल्यावर सोडण्याचा क्रम उलटा. आधी मागचे दोन दोर, मग एकाने गाडी धरल्यावर पुढचे दोन, आणि पुढचे दोन्ही बाजूंनी एकदम, सावकाश. एका बाजूचा आधी सोडला तर दबलेली स्प्रिंग गाडीला दुसऱ्या बाजूला फेकते. उतरवताना गाडी मागे मागे घ्यायची असते आणि पुढच्या ब्रेकवर विसंबून राहायचे नसते, कारण उतारावर सगळा भार मागच्या चाकावर येतो व पुढचे चाक नुसते घसरते. इंजिन बंद, गिअर टाकलेला, आणि क्लच थोडा थोडा सोडत-दाबत गाडी खाली आणावी. क्लच सोडला की मागचे चाक जागच्या जागी थांबते. खाली आल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, ब्रेक दाबून पाहावा, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ नाही ना ते बोट फिरवून पाहावे, आणि मगच किक मारावी. दोर भिजलेले असतील तर वाळवून गुंडाळून पिकअपमध्येच ठेवावेत.